स्टील मिल की पार्ट्सची कंपनी? भाच्याच्या दोन ऑफर्स आणि टॅरिफचा गोंधळ

भाचा ओहायोत मेकॅनिकल करून बाहेर पडलाय, हातात दोन ऑफर्स, एक स्टील मिलची आणि दुसरी गाड्यांचे पत्र्याचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीची, आणि फोनवर म्हणतो मामा, बाहेरच्या स्टीलवर टॅरिफ, म्हणजे आयात कर, आहे म्हटल्यावर स्टीलच घेतो ना डोळे मिटून. म्हटलं थांब जरा. "अमेरिकन मॅन्युफॅक्चरिंग" असं एकच काही नसतं रे, एकाचा पक्का माल तो दुसऱ्याचा कच्चा माल.

मिलला फायदा होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. मार्च २०१८ मध्ये बाहेरच्या स्टीलवर २५ टक्के टॅरिफ लागलं, जून २०२५ मध्ये त्याचे ५० झाले, आणि बाहेरचं महाग झालं की इथल्यांनाही भाव चढवायला रान मोकळं. इलिनॉयच्या ग्रॅनाइट सिटीत यूएस स्टीलने बंद भट्टी २०१८ मध्ये परत पेटवली, माणसं परत बोलावली. पण २०१९ संपता संपता त्याच कंपनीने डेट्रॉइटजवळच्या प्लँटचा मोठा भाग बंद करतोय म्हणून जाहीर केलं, आणि टॅरिफ तेव्हाही चालूच होतं! शिवाय अमेरिकेतलं साधारण ७० टक्के स्टील आता इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये मुख्यतः भंगार वितळवून होतं, तिथे टनामागे माणसं कमी लागतात, म्हणजे टनेज वाढलं तरी भरती त्या मानाने नाही.

आता पार्ट्सवाल्यांचं. मिझुरीत पॉप्लर ब्लफ म्हणून गाव आहे, तिथे मिड कॉन्टिनेंट नेल नावाची खिळे बनवणारी फॅक्टरी. हिची तार यायची मेक्सिकोतल्या मूळ कंपनीकडून. जून २०१८ मध्ये त्या तारेवर २५ टक्के बसले, पण बाहेरून येणाऱ्या तयार खिळ्यांवर ते बसले नाहीत. म्हणजे खिळा अमेरिकेत ठोकून काढला की महाग आणि बाहेरून पेटीत भरून आणला की स्वस्त, हा असला उलटा कारभार. ऑर्डरी घसरल्या, महिन्याभरात कामगारांना घरी पाठवायला सुरुवात. तयार खिळ्यांवर ड्युटी लावायचं सरकारला सुचलं फेब्रुवारी २०२० मध्ये. आणि हिशोब असा की स्टील बनवणाऱ्या एका नोकरीमागे स्टील वापरणाऱ्या ऐंशी आहेत, म्हणजे पारडं कुठे झुकतं बघ.

मग तयार मालावर लावा ना, असं भाचा म्हणाला. तेपण झालंय, जानेवारी २०१८, वॉशिंग मशीन. सॅमसंग आणि एलजीने साउथ कॅरोलायना आणि टेनेसीत प्लँट चालू केले, काम आलं हे खरं, पण मशीनचा भाव साधारण १२ टक्के वाढला, आणि गंमत म्हणजे कपडे वाळवायच्या ड्रायरवर टॅरिफ नसतानाही तोही महागला कारण लोक जोडीनेच घेतात. अर्थतज्ज्ञांनी मांडलेला हिशोब: सुमारे १८०० नोकऱ्या, एकेकीचा गिऱ्हाइकांना पडलेला खर्च आठ लाख डॉलरच्या वर. त्या कामगाराला काय आठ लाख पगार नव्हता!

टॅरिफने ट्रेड डेफिसिट, म्हणजे निर्यातीपेक्षा आयात जास्त झाल्याची तूट, कमी होऊन कारखाने वाढतात का, यावर मी घाईत मत देणार नाही. चीन २००१ च्या शेवटी डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि २००० साली कारखान्यांत १.७ कोटीच्या आसपास लोक होते ते २०१० च्या सुरुवातीला १.१५ कोटीवर आले, सगळं चीनमुळे नाही, यंत्रं आणि मंदीपण होतीच, पण त्या गावांना "स्वस्त टीव्ही मिळाला ना" असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. तरी डेफिसिट कमी म्हणजे कारखाने जोरात, हे काय खरं नाही. २००९ मध्ये तूट जवळपास निम्म्यावर आली, कारण मंदीत कोणी काही घेतच नव्हतं, आणि कारखान्यांतून लाखो लोक बाहेर पडत होते. नंतर टॅरिफ लावून चीनबरोबरची वस्तूंची तूट २०१८ च्या ४१८ अब्ज डॉलरच्या आसपासवरून २०२३ मध्ये २८० अब्जांवर आली खरी, पण माल मेक्सिको-व्हिएतनामकडून यायला लागला आणि २०२४ ची सगळ्या देशांबरोबरची वस्तूंची तूट १२०० अब्जांच्या आसपास. देश कमावतो त्याहून जास्त खर्च करतो तोवर माल कुठूनतरी येणारच.

तर नोकऱ्या स्टील वापरणाऱ्यांकडेच जास्त म्हणून माझं मत पार्ट्सवाल्यांकडे, पण एक गोष्ट विचारूनच: स्टीलचा भाव चढला की तो गाडी कंपनीकडून वसूल करायचं कलम काँट्रॅक्टमध्ये आहे का? माझ्या एका मित्राचं मिशिगनमध्ये पत्रा दाबून पार्ट्स काढायचं छोटं प्रेस शॉप आहे, त्याच्याकडे हे कलम नव्हतं, वर्षभराचा रेट आधीच ठरलेला, कॉइलचा, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीचा भाव चढला आणि प्रत्येक ब्रॅकेटमागे तो खिशातले पैसे घालत बसला. कलम नसेल तर सरळ मिल घे. भाचा विचारतो म्हणालाय, फक्त मिलवाल्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.