लॉरी मागे पडत नव्हती

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमची उत्सुकता आणि माझी लाज एकदमच उरकेल. 19,263 पौंड. गाडीचे 14,750, इंजिन उघडून पुन्हा बांधल्याचे 3,680, तपासणीचे 240, भर रस्त्यातून गाडी उचलून आणल्याचे 138 आणि कोर्टात दावा लावायची फी 455. गाडी गॅरेजात उभी आहे, म्हणजे सगळेच काही बुडाले नाहीत, असं बायको म्हणते. तिच्या या 'सगळेच काही'मध्ये बरंच काही असतं, ते आमचं आम्हाला माहीत.

दुसरी लाज पहिलीपेक्षा मोठी. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस आहे. कारखान्यातले प्रेशरचे, लेव्हलचे मीटर खरं बोलतात की नाही हे तपासायचा मला पगार मिळतो, गेली एकोणीस वर्षं. आणि मला फसवलं ते दोन मीटरांनीच.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना किटकार ठाऊक असेलच. सुटे भाग विकत घ्यायचे, इंजिन कुठल्यातरी जुन्या गाडीचं, आणि घरच्या गॅरेजात जोडून काढायची. मी घेतली तिला दारं नाहीत, छप्पर नावापुरतं, वजन साडेपाचशे-सहाशे किलो. विकणारा साठीचा, हाताला ग्रीस लागलेला, बोलायला लाघवी. त्यानं सुरुवात केली ती 1957 पासून. लोटस सेव्हन ही किटकार कशी आली, किट घेतलं की परचेस टॅक्स, म्हणजे तेव्हाचा विक्रीकर, कसा वाचायचा, 1973 मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट कशी बंद झाली, त्याच वर्षी केटरहॅम कंपनीनं त्या गाडीचे हक्क कसे घेतले. सगळं खरं होतं. ठगाच्या बोलण्यातलं नव्वद टक्के खरंच असतं, आपण पैसे मोजतो ते उरलेल्या दहा टक्क्यांचे.

मग मी विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" हसू नका. असल्या गाडीचं ॲव्हरेज कोण विचारतं, हे घरी ऐकून झालंय. पण मी पेट्रोल वाचवायला विचारत नव्हतो. जुन्या इंजिनाची तब्येत ॲव्हरेजवरून कळते, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "गॅलनला 42 मैल. चला, दाखवतोच." म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला जवळजवळ पंधरा किलोमीटर.

निघताना म्हणाला, फोन इथंच ठेवा, दारं नाहीत, उडून जाईल. मी त्याच्या वर्कबेंचवर फोन ठेवला. फोनच्या जीपीएसवर खरा वेग आणि खरं अंतर दोन्ही दिसलं असतं. फोन उडू द्या, पण खिशातून काढू नका.

पंपावर त्यानं टाकी भरली, ट्रिपमीटर शून्यावर आणला. फिरून आलो तेव्हा ट्रिपवर 38 मैल होते. पुन्हा भरली, 4.1 लिटर बसलं. 4.546 लिटरचा गॅलन धरून हिशेब मी स्वतः केला : 42.1. माझ्याच हातानं!

आता तो क्षण. दुपदरी हायवेवर तो चालवत होता, मी डावीकडे. स्पीडोमीटर डॅशच्या मधोमध, काटा बरोबर सत्तरवर. डाव्या लेनमध्ये एक लॉरी. या गाडीत माणूस इतका खाली बसतो की लॉरीचं चाक डोळ्यासमोर येतं. चाकाच्या नटांवर ते पिवळे प्लॅस्टिकचे बाण असतात ना, जोडीजोडीनं एकमेकांकडे तोंड केलेले, नट ढिला झाला तर कळावं म्हणून? ते चाक फिरत होतं आणि माझ्या कानाशेजारून हलत नव्हतं. मागेही पडेना, पुढेही जाईना. चांगलं अर्धं मिनिट.

इथल्या अवजड लॉऱ्यांना वेगाचं बंधन बसवलेलं असतं, ताशी 56 मैलांचं. हे मला माहीत आहे. रोज कामावर जाताना मी त्यांच्याच मागे अडकलेला असतो. आम्ही सत्तरनं जात असतो तर ती लॉरी बघता बघता आरशात गेली असती. माझ्या मनात आलंही, ही लॉरी भलतीच पळतेय. लॉरी पळतेय! काटा चुकत असेल हे मीटर तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही, लॉरीचं बंधन बिघडलं असेल हे मात्र आलं. आजही रात्री ते पिवळे बाण डोळ्यासमोर येतात.

काट्यानं थोडं जास्त दाखवणं कायद्याला चालतं, कमी दाखवणं अजिबात नाही. नवी किटकार रस्त्यावर येण्याआधी जी तपासणी होते, तिच्यात खऱ्या वेगापेक्षा 10 टक्के अधिक 6.25 मैल एवढी मोकळीक असते. पण हिशेब करा, 56 ला फार तर 67.85. सत्तर नाही. घरी आल्यावर निवांत केला मी हा हिशेब, पैसे गेल्यानंतर.

अशा गाडीचा स्पीडो चाकाकडून येणारे ठोके मोजतो. एका मैलाला किती ठोके, हा आकडा मीटरमध्ये भरावा लागतो, कारण टायर बदलला की तो बदलतो. माझ्या गाडीत तो असायला हवा होता 3,740. भरला होता 2,990. म्हणजे वेग पंचवीस टक्के फुगलेला आणि अंतरही तेवढंच फुगलेलं. ते 38 मैल प्रत्यक्षात 30.4 होते. त्यातच या गाड्यांची पेट्रोल भरायची नळी अरुंद, आत हवा अडकते आणि पंपाचा नॉझल वेळेआधीच 'क्लिक' करतो. दुसऱ्यांदा भरताना त्यानं पहिल्या क्लिकला थांबवलं. एवढ्याशा फेरीत लिटरभर कमी बसलं तर खेळ खलास. टाकी स्वतः भरा, क्लिक झाल्यावर थांबा, फेस बसू द्या, पुन्हा भरा. आणि दीडशे मैलांखालचं ॲव्हरेज कुणी सांगितलं तर मान डोलवून घरी या.

मी नंतर नीट मोजलं. जीपीएसचे 186 मैल, 30.9 लिटर. 27.4. लिटरला दहासुद्धा नाही.

हलकी गाडी म्हणजे कमी पेट्रोल, हा समज मलाही होता. वजनाचा फायदा सिग्नलवरून सुटताना. हायवेवर सगळी लढाई हवेशी, आणि ही गाडी हवेत कपाट ढकलल्यासारखी जाते. उघडी चाकं, उभी काच, बाहेर आलेले दिवे. हायवेवर 42 ऐकल्यावर हसून उठायला हवं होतं.

पेट्रोलच्या काट्याची कथा आणखी संतापाची. फेरीभर काटा 'फुल'वरून हलला नाही. "बघा, पितच नाही!" पुढच्या महिन्यात काटा पावाच्या थोडा वर असताना गाडी हायवेच्या कडेला बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत. ते 138 पौंड इथले. डॅश उघडल्यावर सेंडरच्या, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाच्या, वायरीत काळ्या नळीखाली लपवलेला एक रेझिस्टर सापडला : पिवळा, जांभळा, काळा पट्टा, 47 ओहम. माझा सेंडर रिकाम्या टाकीला 10 आणि भरलेल्या टाकीला 180 ओहम देतो. त्यात 47 मिळवा. टाकी पाऊण होईस्तोवर काटा वरच चिकटलेला आणि रिकामी झाली तरी पावाच्या वर. दहा पेन्सचा तुकडा.

तो आधीच म्हणाला होता, "या गाड्यांचे काटे लहरीच असतात." हेही खरं. वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, सेंडरचा तरंगता फ्लोट लटकतो, काटा खाली पडतो, सरळ रस्त्यावर परत येतो. किटकारवाले याचं कौतुक करतात, गाडीचा स्वभाव म्हणतात. या कौतुकाच्या आडच असले लोक लपतात. पण लहर कधी इकडे चुकते, कधी तिकडे. माझे दोन्ही काटे दर वेळी विकणाऱ्याच्याच बाजूनं चुकत होते. एवढी एक गोष्ट मला कळायला हवी होती, कारण कामावर मी नव्या पोरांना हीच शिकवतो.

आणि मायलेज. ओडोमीटरवर 11,264. "अहो, एमओटीचा इतिहास बघितलात का?" बायकोनं विचारलं होतं. एमओटी म्हणजे इथली गाड्यांची वार्षिक तपासणी, तिच्यात मायलेजही नोंदतात. मी म्हणालो, किटकारला तसलं काही लागू होत नाही. लागू होतं. गाडीचा नंबर टाकला की सगळं फुकट दिसतं. 2017 मध्ये 38,412, 2018 मध्ये 1,106. मीटर नवा बसवला होता, इंजिन जुनंच. 500 पौंड इसार आणि 14,250 बँकेतून एका झटक्यात, आणि ही दोन मिनिटं मी दिली नाहीत.

आता ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांची कथा. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. फसवणूक नोंदवायच्या फॉर्ममध्ये गाडीच्या कंपनीच्या यादीत किटकार नव्हतीच, 'इतर' निवडलं. एक नंबर मिळाला आणि पाच आठवड्यांनी पत्र : तपासाजोगं काही नाही. ग्राहकांचं काम बघणारं कौन्सिलचं खातं थेट बोलत नाही, हेल्पलाइनमार्फत या म्हणतं. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकलं, मग ती बाई म्हणाली, खासगी विक्रेता आहे, आम्ही फक्त व्यापाऱ्यांचं बघतो. मी त्याच माणसाच्या, त्याच ड्राइव्हवेवर काढलेल्या फोटोंच्या चार जाहिराती पाठवल्या. वर्षात चार गाड्या विकणारा हौशी कसा? "नोंद घेतली आहे." रस्त्यावर येण्याआधी तपासणी केलेल्यांनी सांगितलं, त्या दिवशी मीटर बरोबर होता. असेलच, नंतर कोण बघतो? एमओटीवाल्यानं सांगितलं, काट्यावर दिसतं ते आम्ही लिहितो, गाडीचा स्पीडो खरा की खोटा हे एमओटीत तपासतच नाहीत. आणि ओडोमीटर बदलणं गुन्हा नाही, न सांगता विकणं आहे. न सांगितल्याचा पुरावा? म्हणजे जे बोललं गेलं नाही ते मी सिद्ध करायचं! तिथं मी फोनवर मराठीत काय बोललो ते इथं लिहीत नाही.

शेवटी स्वतःच 7,258 पौंडांचा छोटा दावा लावला. तारीख अजून मिळालेली नाही. गाडीचं वर्णन लेखी घ्या, निदान मेसेजवर. माझ्याकडे '42, सहज' एवढा एक मेसेज आहे, आणि सगळी भिस्त त्या एका शब्दावर आहे.

गेल्या रविवारी त्याची पाचवी जाहिरात दिसली. लाल गाडी, तोच ड्राइव्हवे. बायकोच्या फोनवरून फोन लावला, आवाज जरा बदलून विचारलं, गाडी आहे का अजून. आहे म्हणाला, आणि विचारलं नसतानाच सांगायला लागला, 1957 साली लोटसनं...