अमळनेरच्या धाब्याच्या घराचे मूल्यांकन: जळगावातील एका कार्यालयाचा अनुभव

अमळनेरच्या गावठाणातले आमचे वडिलोपार्जित घर विकायचे ठरले, तेव्हा कर सल्लागारांनी सांगितले की घर 2001 पूर्वीचे असल्यामुळे भांडवली नफा काढताना 1 एप्रिल 2001 रोजीची वाजवी बाजार किंमत धरता येईल आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. जळगावच्या ज्या कार्यालयाकडून तो घेतला त्याचे नाव येथे देत नाही, कारण सांगण्यासारखी तक्रार आहे आणि ती त्यांनी निस्तरलीही आहे. शुल्क साडेआठ हजार रुपये, तेही काम सुरू होण्याआधी लेखी कळवलेले.

पाहणीला दोघे आले. अहवालावर सही करणारे पस्तिशीतले स्थापत्य अभियंते आणि त्यांच्यासोबत, कार्यालयात ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते वीस-बावीस वर्षे टेप धरून मोजमापे घेणारे पदविकाधारक. अभियंत्यांचे काम पाहण्यासारखे होते. मातीच्या विटांच्या भिंती, सागवानी खांब, वर लाकडी तुळया-फळ्यांचा कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचे धाबे, म्हणजे सपाट छत, अशा घराची बोळवण ‘जुने बांधकाम’ एवढ्या दोन शब्दांत करणारे आम्ही पाहिले आहेत. यांनी तुळईचे भिंतीत शिरलेले टोक पेचकसाने टोचून पाहिले, तर बाहेरून धडधाकट दिसणारे लाकूड आतून वाळवीने पोखरलेले निघाले. पदवीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने ती पाच मिनिटे तिथे उभे राहायला हवे होते.

अहवालाचा पहिला मसुदा आला तेव्हा मात्र त्यात दोन चुका होत्या. वाळवीपोटी घसारा, म्हणजे झिजेपोटी किमतीतून होणारी वजावट, वाढवला होता. वास्तविक ही वाळवी धाबे गळू लागल्यानंतरची, गेल्या चार-पाच पावसाळ्यांतली, आणि किंमत हवी होती 2001 ची. दुसरी चूक अधिक गंभीर होती. जागेच्या दरासाठी शेजारच्या बखळीचे, म्हणजे मोकळ्या जागेचे, त्या काळातले खरेदीखत आधाराला घेतले होते. त्याबद्दल नानांनी पाहणीच्या दिवशीच शेजारच्या आजींना विचारले होते आणि त्यांनी उंबऱ्यात बसूनच सांगितले होते, “ते ते भाऊभाऊमा व्हयेल शे.” भावाभावांनी आपसांत ठरवलेला आकडा बाजारभाव म्हणून चालत नाही. नानांच्या वहीत हे टिपण होते, मसुद्यात उतरले नव्हते. मी फोन केल्यावर चार दिवसांत दोन्ही दुरुस्त्या करून नवा अहवाल मिळाला, जादा पैसे न घेता. ही किंमत त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, हे 2020 पासूनचे बंधन लक्षात ठेवून त्यांनी 2001 च्या रेडी रेकनरचा (मुद्रांक मूल्य ज्यावरून ठरते त्या सरकारी दरपत्रकाचा) उताराही न मागता जोडला होता.

या अहवालावर नानांना सही करता येत नाही. कंपनी कायद्याखालील 2017 च्या नियमांनुसार जमीन व इमारतींच्या मूल्यांककाला स्थापत्य, वास्तुकला किंवा नगररचनेची पदवी आणि 5 वर्षांचा अनुभव, किंवा पदव्युत्तर पदवी आणि 3 वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय परीक्षा द्यावी लागते. कराच्या कामासाठीची नोंदणी वेगळी, 1957 च्या संपत्ती कर कायद्यातली, पण इमारतींसाठी पदवी तिथेही हवीच. तो कर 2015 साली रद्द झाला तरी नोंदणी मागे उरली. त्याच जुन्या नियमांत शेतजमिनीच्या मूल्यांककासाठी कृषी पदवी सांगितली आहे, पण तिला पर्याय म्हणून जिल्हाधिकारी, उपजिल्हाधिकारी, भूमी अभिलेख अधीक्षक अशा पदांवरून निवृत्त झालेल्यांची किमान 5 वर्षांची सेवाही मान्य केली आहे. साहेबांचा अनुभव पदवीच्या जागी चालतो, टेप धरणाऱ्याचा चालत नाही. अमेरिकेत निवासी मालमत्तांच्या प्रमाणित मूल्यांककांना 2015 पासून पदवी सक्तीची केली होती. 2018 साली ती अट सैल करून परवानाधारकाच्या निष्कलंक अनुभवालाही वाट दिली गेली, व्यापारी मालमत्तांसाठी मात्र पदवी कायम राहिली.

पदवीची अट काढून टाकावी, असे माझे म्हणणे नाही. आमच्या घराची किंमत दोन दलालांनी ओट्यावर बसून सांगितली होती, एकाची दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि दोघांपैकी एकही ती कागदावर लिहून द्यायला तयार नव्हता. नोंदणीकृत मूल्यांकक सही करतो, म्हणजे चुकीला जबाबदार राहतो. परंतु स्थापत्याची पदवी तुळई ओळखायला शिकवते, खरेदीखतामागचे नाते ओळखायला नाही. दीर्घ अनुभवाच्या पदविकाधारकाला तीच परीक्षा देऊन, निदान गावठाणातल्या राहत्या घरांपुरती, सही करू द्यावी. उत्तीर्ण झाला नाही तर प्रश्नच मिटला.

घर किंवा फ्लॅट असेल तर या कार्यालयाकडे जायला हरकत नाही. फक्त मसुदा स्वतः वाचावा आणि पाहणीला नाना येणार आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. रावेरला मामांचे केळीचे शेत आहे आणि वाटणीसाठी त्याचेही मूल्यांकन करायचे आहे. तिथे विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी टिकते यावर अर्धी किंमत ठरते, म्हणून ते काम मी यांना देणार नाही.