छोट्या व्हॅनची कामं: घरी करावीत की गॅरेजला द्यावीत?

ऑइल बदलायला गाडी गॅरेजला टाकली की अर्धा दिवस जातो, आणि काम असतं पाऊण तासाचं. छोटी व्हॅन घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात इथूनच किडा वळवळायला लागतो. पाना एकदा हातात बसला की मग दुसरी बॅटरी, लख्ख दिवे, मागे झोपायला फळी, अशी यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते.

घरी की गॅरेजला हे ठरवताना लोक वाचलेली मजुरी आणि हत्यारांचा खर्च समोरासमोर मांडतात. मला तो हिशोब फारसा उपयोगी वाटत नाही. पहिल्या वर्षी हत्यारंच सगळी बचत खातात, पुढे तीच कैक वर्षं पुरतात. हवा तो आकडा काढता येतो. मी एकच प्रश्न विचारतो: हे काम माझ्या हातून चुकलं, तर ते मला कुठे आणि कधी कळेल? गाडी दारात उभी असताना कळणार असेल तर बिनधास्त घरी करा. भरलेली गाडी उताराला लागल्यावर कळणार असेल तर दहादा विचार करा.

इंजिन कुठे बसवलंय?

छोट्या व्हॅनचे ढोबळ दोन प्रकार. सुझुकी एव्हरी, दायहात्सू हायजेट यांसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. रेनॉ कांगू, सिट्रोएन बर्लिंगो, फोक्सवॅगन कॅडी यांत ते नेहमीच्या कारसारखं बॉनेटखाली.

सीटखालच्या इंजिनाची गंमत अशी की सीट उचलून भर पावसातही कोरड्यात बसून बरंच काम करता येतं. पण रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप लांबलचक असतात. कूलंट बदलताना त्यात हवा अडकली तर तापमानाचा काटा अचानक वर चढतो, आणि ते कळतं रस्त्यावर. म्हणून अशा गाडीचं कूलंट मी गॅरेजला देतो. बॉनेटवाल्या व्हॅनमध्ये हेच काम तुलनेनं सोपं असतं. तिथे वेगळा त्रास: नाक आखूड, जागा चेपलेली. काही मॉडेलांत हेडलाइटचा साधा बल्ब बदलायचा तर अख्खा दिवा बाहेर काढावा लागतो. तेव्हा घरचं काम सोपं की अवघड, हे हातांइतकंच गाडीवरही ठरतं. कूलंटची टोपी मात्र दोन्हीकडे इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायची नाही.

ऑइल: घरीच करा

ऑइल बदलणं हे घरच्या कामांतलं पहिलं, कारण चूक झाली तर जमिनीवर दिसते. माझी पहिली चूक अशीच दिसली होती. जुना फिल्टर काढला, नवा लावला, ऑइल भरलं, इंजिन चालू केलं आणि काही सेकंदांत खाली थारोळं. जुन्या फिल्टरचं रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलं होतं आणि मी त्याच्यावरच नवा फिल्टर चढवला होता. लाज वाटली, फरशी तीन दिवस घासली, पण इंजिन लगेच बंद केल्यामुळे त्याला काही झालं नाही. अशी चूक परवडते.

नवा फिल्टर लावताना रिंगला ऑइलचं बोट फिरवायचं, रिंग टेकेपर्यंत हातानं आवळायचं आणि मग साधारण पाऊण फेरा. पान्यानं आवळायचा मोह टाळा, पुढच्या वेळी सोडवताना आपल्याच नाकी नऊ येतात. ड्रेन नटाचं वॉशर दर वेळी नवं टाका. बऱ्याच इंजिनांचं ऑइलचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे गेले की वाचलेली मजुरी दामदुपटीनं फेडावी लागते. अनेक छोट्या इंजिनांत हा नट ३० ते ४० न्यूटन-मीटरनं आवळायचा असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलात असतो, आणि तो मोजायला टॉर्क पाना लागतो. घरी काम करायचं ठरलंच असेल तर बाकी पाने साधे चालतील, टॉर्क पाना मात्र चांगला घ्या.

ऑइलची ग्रेडही मॅन्युअलातलीच. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात कुणी 'जाड ऑइल बरं असतं' म्हणून १५डब्ल्यू-४० ओततो, ते चूक. आणि काढलेलं काळं ऑइल गटारात नाही, जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यायचं.

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, फ्यूज, टायरची हवा: ही कामं गॅरेजला देणं म्हणजे शर्टाचं बटण लावायला शिंप्याकडे जाणं. स्पार्क प्लगही घरी जमतात, फक्त इंजिन गार असताना आणि सुरुवातीचे आटे बोटांनी फिरवून. तिरका गेलेला प्लग पान्याच्या जोरानं आत जातो खरा, पण हेडचे आटे घेऊन.

ब्रेक: अर्धं घरी, अर्धं गॅरेजला

ब्रेक तपासणं घरचं काम आहे. पॅडचा थर ३ मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. हे महिन्यातून एकदा चाकातून टॉर्च मारूनही दिसतं.

पॅड बदलण्याचं काम हाताला सोपं आहे आणि म्हणूनच फसवं. नवे जाड पॅड बसवायला ब्रेकचे पिस्टन मागे ढकलावे लागतात. त्यानंतर पेडल चार-पाच वेळा दाबून पॅड पुन्हा डिस्कला टेकवले नाहीत, तर पहिल्या वळणावर पेडल थेट तळाला जातं. कामात काहीच चुकलेलं नसतं, फक्त पेडल दाबायचं राहिलेलं असतं. माझ्या कसोटीवर हे काम नापास होतं. पहिल्या दोन वेळा जाणकार माणूस शेजारी उभा असेल तरच करावं.

ब्रेक ऑइल बदलून एअर काढणं मी गॅरेजलाच देतो. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ या ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, आणि पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. रोज सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ही चूक वर्षभर कळणारही नाही, आणि कळेल ती नेमकी घाटात.

गॅरेजला दिलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही बरं का. एका गॅरेजमध्ये माझ्या चाकांचे नट हवेच्या गननं असे आवळले होते की पंक्चर झालं तेव्हा स्टेपनी असूनही उपयोग नव्हता. पान्यावर उभा राहून उड्या मारल्या तरी नट हलेना. तेव्हापासून गाडी घरी आली की पहिलं काम म्हणजे चाकांचे नट ढिले करून टॉर्क पान्यानं पुन्हा आवळणं.

आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या लावल्या तरच, तेही पक्क्या जमिनीवर.

हात लावू नये अशी कामं

टायमिंग बेल्ट: एक दात इकडचा तिकडे झाला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. एसीचा गॅस: दाबाखाली असतो, तो काढून साठवायला मशीन लागतं. एअरबॅग. आजच्या डिझेल इंजिनाची हाय-प्रेशर लाइन: तिथला दाब दीड-दोन हजार बारच्या घरात असतो, डिझेलची बारीक चिळकांडीही कातडी भेदून आत जाते.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, मात्र जरूर घ्या. तो काम करत नाही, पण गॅरेजवाल्याशी बोलायला तोंड देतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. आता दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे तो सांगत नाही. कोड वाचून थेट पार्ट मागवणारे लोक तीन पार्ट बदलतात आणि चौथा खराब निघतो.

दुसरी बॅटरी: लेड की लिथियम?

अपग्रेडमध्ये लोक सगळ्यात आधी इथे येतात, आणि सगळ्यात जास्त इथेच चुकतात. १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून पाहू.

| | एजीएम (लेड) | लिथियम आयर्न फॉस्फेट |
|---|---|---|
| वजन | ३० किलोच्या आसपास | १२ किलोच्या आसपास |
| खरोखर वापरता येणारा साठा | सुमारे निम्मा | ८० टक्के किंवा जास्त |
| आयुष्य (चार्ज-डिस्चार्जच्या सायकल) | काही शे सायकल | दोन हजार सायकलींच्या पुढे |
| शून्य अंशाखाली चार्जिंग | हळू, पण होतं | करायचं नाही |

कागदावर लिथियम सरळ जिंकते. पण ती इतका करंट ओढते की अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट जोडली तर तो तापून जळू शकतो, विशेषतः इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, तो करंट २० किंवा ३० अँपिअरवर धरून ठेवतो. एजीएमचं जुन्या साध्या अल्टरनेटरवर रिले (विजेनं चालणारा स्विच) लावूनही भागतं. इंधन वाचवायला व्होल्टेज खालीवर करणारा नवा स्मार्ट अल्टरनेटर असेल तर तिलाही चार्जर हवाच. माझं मत: गाडीत छोटा कॉम्प्रेसर फ्रिज रोज चालणार असेल तर लिथियम. महिन्यातून एखाद्या रात्री दिवे आणि फोन एवढंच असेल तर एजीएम पुरे, नाहीतर उंदीर मारायला तोफ.

वायर कितीची, हा प्रश्न बॅटरीपेक्षा महत्त्वाचा. बॅटरीपासून ५ मीटरवर २० अँपिअर न्यायचे म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. ४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. १० ची घातली तर ०.३५. बारा व्होल्टमध्ये ०.९ म्हणजे फ्रिज 'बॅटरी लो' म्हणून बंद पडतो आणि आपण बिचाऱ्या बॅटरीला शिव्या घालतो.

वायरिंग माझ्या कसोटीवर चकवते. चूक दारातच घडते, पण कळते रात्री झोपेत, पत्र्याच्या कडेवर वायर घासून शॉर्ट झाल्यावर. म्हणून प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच, आणि तो वायरच्या क्षमतेनुसार. पत्र्यातून वायर जाईल तिथे रबरी बुश घालायचं. इतकं पाळणार असाल तर स्वतः करा, नाहीतर ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या.

दिवे

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की समोरची भिंत उजळते, म्हणून लोक खूश होतात. पण तो रिफ्लेक्टर एच४ या हॅलोजन बल्बच्या फिलामेंटची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीच्या चिप तिथे तंतोतंत बसत नाहीत, उजेड फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. बऱ्याच देशांत असा बदल नियमातही बसत नाही. त्यापेक्षा आहे त्या बल्बला रिले लावून जाड वायरनं वीज द्या. हॅलोजनला व्होल्टेज ५ टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण १६ टक्के घटतो. जुन्या गाडीत तेवढं व्होल्टेज स्विच आणि बारीक वायरच खातात. आणि काच पिवळी पडली असेल तर आधी ती पॉलिश करा.

इन्सुलेशन आणि फळी

इथे चुकांचा तिसरा प्रकार भेटतो: कळतच नाहीत अशा. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. गार पत्र्याला लागून ते थेंब होतं. ग्लासवूल ते धरून ठेवते आणि मागे पत्रा गंजत राहतो. क्लोज्ड-सेल (बंद बुडबुड्यांचा) फोम पाणी पीत नाही, पण तो पत्र्याला नीट चिकटलेला हवा. मी फोमच्या बाजूनं. दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या) तळाशी पाणी वाहून जायची भोकं असतात, ती बुजवू नका. वरचं पॅनेल गोंदानं न चिकटवता स्क्रूनं लावा, म्हणजे वर्षातून एकदा उघडून आत डोकावता येईल.

सुतारकाम घरी करायला सगळ्यात मजेचं, आणि त्यामुळेच हात सैल सुटतो. आठ बाय चार फुटांची १२ मिलिमीटरची प्लायवूडची शीट २० किलोच्या आसपास भरते, ६ ची त्याच्या निम्मी. जपानच्या ६६० सीसी गटातल्या व्हॅनला सामानाची मर्यादा जास्तीत जास्त ३५० किलो असते. दोन शीट, लेड बॅटरी, ४० लिटर पाणी आणि गादी घातली की शंभरच्या वर गेलेच, माणसं अजून बसायचीत. फर्निचर गॅरेजवाल्यानं केलं काय आणि आपण केलं काय, टायरला फरक पडत नाही. टायरवरचा लोड इंडेक्स बघा: ८६ म्हणजे एका टायरला ५३० किलो, ९१ म्हणजे ६१५. मी फळी बसवण्याआधी गाडी एकदा वजनकाट्यावर नेली, टाकी भरून, आणि बसवल्यावर पुन्हा एकदा, घरच्यांना आत बसवून. दुसऱ्या पावतीनंतर जाड फळी उतरवली आणि पातळ घातली.