लुक्ला गाठायचं: काठमांडूहून की रामेछापहून?

एव्हरेस्टचा ट्रेक जिथून सुरू होतो ते नेपाळमधलं लुक्ला काठमांडूहून हवाई अंतराने 140 किलोमीटरच्या आत. विमान साधारण अर्ध्या तासात पोचवतं. काठमांडूच्या पूर्वेकडच्या रामेछाप जिल्ह्यातल्या मंथली विमानतळावरून हेच उड्डाण 20 मिनिटांत आटपतं. कागदावर मंथली सरस. पण तिथे जायला काठमांडूहून रात्री एक-दोनला जीपमध्ये बसायचं आणि चार-पाच तास घाटातली वळणं सोसायची. वाचलेली 10-15 मिनिटं कुठल्या कुठे!

अर्थात गर्दीच्या हंगामात निवड बहुधा आपल्या हातात नसतेच. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावरची कोंडी टाळायला उड्डाणं मंथलीला हलवतात. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम 527 मीटर, तीही चढणीची. दुपारी वारा-ढग आले की सगळं ठप्प. पल्ला छोटा असल्याने मंथलीहून सकाळी फेऱ्या जास्त होतात. सुटी मोजकी असेल तर मी झोपेवर पाणी सोडून मंथलीच धरेन.