टर्बो सी की पायथनचं टर्टल? मोठं वर्तुळ काढून बघा

माझा भाचा नाशकात, पंचवटीत राहतो. कॉलेजात टर्बो सी, म्हणजे सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं साधन; घरी पायथन भाषेतलं टर्टल, म्हणजे पडद्यावर कासव फिरवून चित्र काढायची सोय. 300 त्रिज्येचं वर्तुळ त्याचं दोन्हीकडे बिघडलं, पण कारणं वेगळी.

टर्बो सीचा नेहमीचा व्हीजीए (जुन्या ग्राफिक्स पद्धतीचा) पडदा 640 बाय 480 ठिपक्यांचा. केंद्र मधोमध धरलं तर त्रिज्या 240च्या आतच हवी, नाहीतर वर्तुळ वर-खाली कापलं जातं. हे किमान डोळ्यांना दिसतं. खरी खोडी इंटची, म्हणजे पूर्णांक साठवायच्या नेहमीच्या प्रकाराची! तो 16 बिटांचा, कमाल 32767. वर्तुळाचं गणित स्वतः लिहून त्रिज्येचा वर्ग केलात, तर 181पर्यंत सगळं आलबेल. 182चा वर्ग मात्र 33124 ऐवजी उणे 32412 येतो. एरर नाही, काही नाही. भाच्याची संध्याकाळ यातच गेली. त्रिज्या लाँग या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारात घेतली नि सुटला.

टर्टलमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही. पण कासव केंद्रावर नव्हे, परिघावर उभं असतं. सुरुवातीच्या जागेवरून वर्तुळ 600पर्यंत वर चढतं, म्हणजे बहुधा खिडकीबाहेर. आधी कासव 300 खाली न्यायचं, मग खिडकी मोठी करायची. लॅपटॉपचा पडदाच बुटका असेल तर त्रिज्या कमी करा.

नवशिक्याला मी टर्टलच देईन. प्रॅक्टिकलला टर्बो सी असेल, तर 181 लक्षात ठेवा.