केबिन क्रूच्या नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर

माझी धाकटी बहीण बारावी झाली आणि तिने एका पोर्टलवर बायोडेटा टाकला. केबिन क्रू म्हणजे एअर होस्टेस व्हायचं हे शाळेपासून तिच्या मनात होतं. बार्शीत याबद्दल कुणाला विचारावं तेच कळत नाही. म्हणून एअरलाइनच्या एचआरमधून फोन आला तेव्हा घरात सगळ्यांनाच आनंद झाला.

मुलाखत फोनवरच झाली आणि संध्याकाळी सिलेक्शन. आधी रजिस्ट्रेशनचे १,८५० रुपये. ते भरल्यावर ऑफर लेटर आलं : कंपनीचा लोगो, ४२ हजार पगार, खाली अशोकस्तंभाचा शिक्का. मग युनिफॉर्मचे साडेसहा हजार, मेडिकलचे बारा हजार, ट्रेनिंगच्या हॉस्टेलची अनामत २५ हजार. प्रत्येक रक्कम पहिल्या पगारात परत मिळणार आणि प्रत्येक वेळी मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. आईने भिशीचे पैसे दिले. नंतर बाँडचे ४० हजार मागितले, तेव्हा बाबांनी मला फोन केला.

युनिफॉर्म, मेडिकल, ट्रेनिंग हे सगळं खऱ्या भरतीतही असतं, म्हणूनच संशय येत नाही. शिवाय आता थांबलो तर आधीचे बुडतील, ही भीती पुढचे पैसे भरायला लावते. माझ्या आईवडिलांना मी यात जराही दोष देत नाही.

ते पत्र मी पाहिलं. ईमेल जीमेलचा, पैसे गेले ते कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात. खासगी कंपनीच्या ऑफर लेटरवर सरकारी शिक्का असण्याचं कारणच नाही. आणि बहिणीला उंची कुणी विचारलीसुद्धा नव्हती! खरी निवड समोरासमोर होते. इंडिगो, एअर इंडियात मुलींसाठी किमान १५५ सेंमी उंची लागते, कारण डोक्यावरच्या कप्प्यांपर्यंत हात पोहोचावा लागतो. आणीबाणीचं काही सामानही तिथेच असतं. युनिफॉर्ममध्ये दिसेल असा टॅटू आहे का, तेही बघतात. आग विझवणं, पाण्यावर उतरलेल्या विमानातून प्रवासी बाहेर काढणं, प्रथमोपचार, हे सगळं डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांप्रमाणे निवडीनंतर कंपनीच शिकवते. खासगी 'एअर होस्टेस' कोर्सचं सर्टिफिकेटही सक्तीचं नाही, हे कर्ज काढून फी भरणाऱ्या पालकांना कुणीतरी सांगायला हवं. नोकरी देण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही, असं या कंपन्यांनी जाहीर केलेलं आहे. जागा निघाल्यात का, ते कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच बघा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम खात्यातून काढून घेतली जायच्या आत तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते. बहीण लाजेने गप्प राहिली, त्यात वेळ गेला. फक्त अनामतीतली काही रक्कम गोठवली गेली. मुलींनो, घरी लगेच सांगा. चॅट डिलीट करू नका, यूपीआयचे व्यवहार क्रमांक जपून ठेवा, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

तक्रारीनंतर काही दिवसांनी 'रिफंड विभागा'तून फोन आला : जीएसटीचे तीन हजार भरा, सगळे पैसे परत मिळतील. फोन बाबांनी घेतला होता आणि लगेच ठेवला. असा फोन तुम्हालाही येऊ शकतो. पैसे परत मिळवण्यासाठी पोलीस किंवा १९३० वाले तुमच्याकडून कधीही पैसे मागत नाहीत.