प्रतापनगरातील बचत गटाचे भोजनालय: लंबी रोटी उत्तम, सांबारवडी बेभरवशाची

नागपूरच्या प्रतापनगरात एका महिला बचत गटाने चालवलेल्या भोजनालयात गेल्या दोन महिन्यांत मी पाच वेळा जेवलो आणि दर वेळी ताटाइतकेच लक्ष स्वयंपाकघराकडे गेले, कारण तिथे कोणी मालकीण नाही आणि कोणी नोकरही नाही. गटात अकरा जणी आहेत. भाजी आणणे, फोडणी, वाढणे, भांडी आणि गल्ला ही कामे दर सोमवारी बदलतात. गेल्या आठवड्यात गल्ल्यावर बसलेल्या ताईच या आठवड्यात भांडी घासताना दिसतात.

या आळीपाळीचा भुर्दंड मात्र ग्राहकाच्या जिभेला पडतो. पहिल्या खेपेची सांबारवडी (बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) खसखस-खोबऱ्याच्या सारणाने गच्च भरलेली आणि खुसखुशीत होती. तिसऱ्या खेपेची जाड आवरणाची व तेलकट निघाली, कारण तळणाऱ्या ताई बदलल्या होत्या. लंबी रोटीचे तसे होत नाही. सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत, ताणत उपड्या मडक्यावर टाकण्याचे कसब आठवडाभराच्या पाळीत येत नाही, हे ओळखून गटाने दोघींना कायम मडक्यापाशी ठेवले आहे आणि इतर कामांच्या पाळीतून त्यांना वगळले आहे. तोच न्याय सांबारवडीलाही लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही बचत गटांची पंचसूत्री भिंतीवर रंगवलेली आहे. नाबार्डने (शेती व ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक) १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्यास सुरुवात केली. गटाला कर्ज देताना बँक आजही याच सवयी पाहते. इथे मात्र ती पंचसूत्री केवळ बँकेसाठी नसावी, कारण गल्ल्याजवळच्या वहीत रोजची विक्री सर्वांना दिसेल अशी लिहिलेली असते.

एका रविवारी आम्हाला पाऊण तास ताटकळावे लागले. दोन ताईंनी एकच मागणी दोनदा विचारली आणि शेजारच्या टेबलाकडे कोणीच फिरकले नाही. कामे सगळी वाटलेली होती, गर्दी तेवढी कोणाच्या वाट्याला आलेली नव्हती. मी तक्रार केली, तेव्हा ताईंनी सबब न सांगता ती बैठकीच्या वहीत टिपून घेतली. पुढच्या रविवारी दाराशी एक ताई क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन उभ्या होत्या.

थाळी १५० रुपयांना मिळते. गोळाभात (डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात) फक्त बुधवारी असतो आणि दीडनंतर गेल्यास संपलेला असतो.